खांबावरच्या डब्याला सुट्टी

चितेगावच्या त्या कारखान्यातलं स्टोअर उन्हाळ्यात इतकं तापायचं, की पत्र्याखाली घरटं केलेल्या कबुतरिणी उकडलेलीच अंडी घालायच्या. कॅन्टीनवाला मोतीराम शिडी लावून ती उतरवायचा आणि मीठ-तिखट लावून विकायचा. खोटं वाटत असेल तर मोतीरामाला विचारा. तो शपथ घेईल, आणि वर तुमच्या गळ्यात एक अंडंही मारील.

त्या पत्र्याखाली मधल्या लोखंडी खांबावर, उभ्या माणसाचा हात जेमतेम पोचेल एवढ्या उंचीवर, ताटलीएवढा एक पांढरा डबा बसवलेला होता. कंपनीच्या कागदात त्याचं नाव ॲक्सेस पॉइंट, बाकी सगळ्यांसाठी नुसता डबा. स्टोअरमधल्या पोरींच्या हातातले स्कॅनर या डब्याशी हवेतून बोलायचे. खोक्यावरच्या काळ्या पट्ट्यांवर स्कॅनर धरला, त्यानं टूंक केलं, की कुठला माल कुठं गेला याची नोंद डब्यामार्गे थेट पुण्याच्या हेड ऑफिसातल्या कॉम्प्युटरात. कागद नको, सही नको.

निदान पुण्यात तसं ठरलं होतं. चितेगावात व्हायचं असं, की दुपारी शिफ्ट बदलायच्या सुमाराला स्कॅनर टूंक करायचा आणि नोंद जायचीच नाही. स्कॅनर आपला हातात शहाण्यासारखा हिरवा दिवा लावून बसलेला, माल शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या शेडमध्ये, पोचलेला, आणि पुण्याच्या लेखी तो अजून रॅकवरच.

कारखान्यात कॉम्प्युटरचं बघायला कडुबा होता. आयटीआयचा वायरमन. पुढं औरंगपुऱ्यातल्या एका जिन्याखालच्या क्लासात त्यानं नेटवर्कचं शिकून घेतलं होतं. तो जिना इतका बुटका होता म्हणतात, की त्या क्लासमधून पास झालेला प्रत्येक जण जन्मभर जरा वाकूनच चालतो. कडुबाही चालायचा. पण ते वाकणं पुण्याच्या साहेबांपुढं वाकून वाकून आलेलं असंही काही जण म्हणायचे.

असल्या डब्याच्या पोटात एक रोजनिशी असते, तिला लॉग म्हणतात. कोण आलं, कोण गेलं, कुणाला आत घेतलं, कुणाला दारातून हाकललं आणि का हाकललं, सगळं ओळीओळीनं, वेळेसकट. गावच्या चावडीवरसुद्धा इतकी बारकाईनं चौकशी होत नाही. कडुबानं पहिल्यांदा ती उघडली तेव्हा पहिल्याच ओळीवर तारीख होती एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. तेव्हा कारखाना नव्हता, कडुबाही नव्हता. आणि खाली फक्त एवढंच, की मी आत्ताच सुरू झालो.

कडुबाच्या लक्षात आलं. ही रोजनिशी वाळूवरची. वीज गेली की पुसली. वीज आली की डबा नव्यानं जन्मतो, आणि पुण्याहून वेळ कळेपर्यंत त्याला सत्तर सालच वाटत राहतं. आणि इथली रीत काय, तर नेट अडकलं की जो जवळ असेल त्यानं खांबावरचं बटण बंद करायचं आणि चालू करायचं. "झालं बघा!" म्हणून हात झटकायचे. नेट खरंच तासभर चालायचं. पण चोर पकडायला जावं आणि घरच्यांनीच अंगण सारवून ठेवावं, तसली गत. पावलंच उरायची नाहीत.

ओळी दुसऱ्या कॉम्प्युटरवर धाडून जपायची सोय असते. पण ती सुरू करायची चावी पुण्यात नेटवर्क बघणाऱ्या अभय सरांकडं. कडुबाला नुसतं वाचायची मुभा. त्यानं विनंती टाकली. 'विचाराधीन' असं उत्तर आलं. ती अजून विचारातच आहे.

मग कडुबानं गावठी उपाय केला. डब्याला बॅटरी जोडली, आणि बटणावर बाभळीचा काटेरी फांटा बांधला, बांधावर बांधतात तसा. शिवाय अफवा सोडली. मागं एका कंत्राटदाराच्या माणसानं या डब्याला हात लावला, तेव्हापासून त्याच्या दाढेत आकाशवाणी लागते. बिचारा रात्री झोपेत बाजारभाव सांगतो. लोक घाबरले. मोतीराम तर डब्याखालून जाताना तोंड मिटून जायला लागला.

रोजनिशी साचायला लागली, तेव्हा दुखणं उघडं पडलं. स्टोअरच्या वायफायचा पासवर्ड कारखान्यात सगळ्यांना पाठ होता. शिफ्ट बदलताना येणारे आणि जाणारे, दोघांचे फोन डब्याला चिकटायचे. डबा म्हणजे पैठण रोडची काळीपिवळी जीप. सीटा ठरलेल्या. स्कॅनर बिचारा बॅटरी वाचवायला मिनिटभर डुलकी घ्यायचा, म्हणजे उसाचा रस प्यायला खाली उतरावं तसा. परत येऊन बघतो तर त्याच्या सीटवर कुणाचा तरी फोन मांडी घालून रील बघतोय. डबा लिहायचा: जागा नाही, नकार. पुन्हा जागा नाही, नकार. ओळींमागून ओळी.

कडुबानं सगळ्यांना हात जोडून सांगितलं, "बाबांनो, आपापल्या डेट्यावर ऱ्हा. या वायफायवरून उतरा."

सगळे व्हय म्हणाले. व्हय म्हणताना अर्ध्यांचे फोन त्याच वायफायवर होते. आणि पासवर्ड बदलायची चावी? तीही पुण्यात.

अशातच नवरात्रात पितळी बुशांची, म्हणजे गाडीत बसणाऱ्या कड्यांची, खोकी गेली.

गेली म्हणजे पुण्याच्या हिशेबी रॅकवर होती आणि रॅक मोकळा होता. ती शॉपला दिली होती मोनालीनं. मोनाली म्हणजे कडुबाच्या थोरल्या बहिणीची पोर, बिडकीनकडची. कडुबानंच शब्द टाकून तिला स्टोअरात लावलं होतं. शॉपवाले म्हणाले, आम्हाला आठवत नाही. रोज इतकी खोकी येतात, कुठलं कधी आलं कुणाला ठाऊक? बुश तर कधीच गाड्यांमध्ये बसून रस्त्याला लागले होते.

कार्मिक विभागाच्या अतुल सरांनी मोनालीला समोर बसवलं. शेजारी कडुबा उभा.

"मॅडम, सिस्टम म्हणते माल तुमच्याकडं आहे."

"सर, म्या स्कॅन केला होता. टूंक झालं. तुमची शपथ."

"माझी शपथ नका घेऊ. मला बीपी आहे."

"सर," कडुबा म्हणाला, "त्या दुपारी हिच्या स्कॅनरला डब्यानं नकार दिलाय. लॉगमध्ये हाय. तीच वेळ, हिचाच स्कॅनर. हा बघा फोटो काढलाय म्या."

अतुल सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा वर करून फोटो नीट बघितला, आणि तितक्याच नीट परत दिला. "कडुबा, मला यातलं कळत नाही. आणि फोटो काढणारा तिचा सख्खा मामा. उद्या पुणं मला विचारील, तर मी काय सांगू?"

त्यांनी पुण्याला फोन लावला. अभय सर सुट्टीवर निघाले होते. मागं पोरंबाळं दंगा करत होती. ते म्हणाले, "फोटोबिटो काही नको. ओळी डब्यातच राहू द्या. दसरा झाला की मी स्वतः जोडून बघतो. असतील तर मुलगी मोकळी. तोवर डब्याला कुणी हात लावायचा नाही."

म्हणजे मोनालीची नोकरी आणि गावातली अब्रू, दोन्ही त्या ताटलीत टांगली गेली. बहिणीनं फोनवर एवढंच विचारलं, "कडुबा, डबा टिकंल ना रे?" जसं काही दवाखान्यातल्या माणसाबद्दल विचारतात.

टिकावा म्हणून कडुबानं काय नाही केलं? बॅटरीला दुसरी बॅटरी जोडली. कबुतरं उडवली. दुपारी वीज गेली तेव्हा तो खांबाला मिठी मारून उभा राहिला, जसा काही अंगातली वीज देणार होता. डबा तगला. वॉचमन पुंजारामला त्यानं बजावलं, "भाऊ, कुणी इथं फिरकलं तर तंगडी मोडायची."

"दोन्ही मोडतो," पुंजाराम म्हणाला. "फकस्त कुणाची ते सांगून ठेव."

मोनालीवरचा आळ सगळ्या कारखान्याला ठाऊक झाला होता, आणि कारखाना तिच्या बाजूनं होता. ज्यांच्या फोनांनी तिची सीट खाल्ली, तेच सगळ्यात जास्त हळहळत होते. डब्याकडं बघून येता-जाता लोक हात जोडायला लागले. फोन मात्र कुणी उतरवला नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात एक चाक फिरत नाही. सगळी यंत्रं बंद करून, पुसूनपासून, हळदकुंकू लावून हार घालतात. राबणाऱ्या अवजाराला वर्षातून एक दिवस विसावा. पाने, हातोडे, तराजू, मोतीरामचा झारा, सगळ्यांचा मान होतो. कडुबा सकाळपासून खांबाखाली ठाण मांडून बसला. मेन स्विच पाडायला आलेल्या सुपरवायझरला त्यानं विनवलं, "साहेब, बाकी समदं पाडा. एवढी लाइन ऱ्हाऊ द्या." सुपरवायझरनं राहू दिली. आरती झाली, पेढे झाले, शेड रिकामी झाली. कडुबानं फोनवर रोजनिशी उघडून बघितली. मोनालीच्या ओळी जागेवर होत्या. मग त्यालाही घरचा ट्रॅक्टर पुजायचा होता, तो गेला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोनालीला गाडीवर बसवूनच आला. स्टोअरात शिरला आणि दारातच थांबला.

डबा चकाचक पुसलेला. वर झेंडूचा ताजा हार. कपाळावर, म्हणजे जिथं हिरवा दिवा लागतो त्याच्या जरा वर, हळदकुंकवाची बोटं. बाभळीचा फांटा कोपऱ्यात नीट उभा करून ठेवलेला. खाली फोडलेल्या नारळाचं पाणी सुकलेलं. शेजारी मनकर्णाबाई झाडू घेऊन उभी. ती या कारखान्यात शेड उभी राहायच्या आधीपासून झाडायची. तेव्हा नुसतं शेत होतं आणि ती तेच झाडायची, असं म्हणतात.

"मावशी," कडुबानं हाराकडं बोट केलं. "हे कुणी केलं?"

"कोण करणार? म्याच." मनकर्णाबाई खूश होती. "नवमीच्या सांजंला. समद्या यंत्रांची पूजा झाली, आन् ज्याच्या हातात आपल्या पोरीचं नशीब, त्यो तसाच बसलेला, धुळीत. माझा जीव तुटला रे."

"चालू होता ना? चालूच होता ना तो?"

"चालू अवजाराला कुंकू लावत्यात का कुठं? पुंजारामनं स्टूल धरला, म्या डब्याचीच पिन उपसली. घटकाभर विसावा दिला. नवमीला राबवलेलं अवजार शापतं, बापा. मंग लावली परत, आन् लागला बघ लगेच, हिरवागार!"

पुंजाराम दारात येऊन उभा होता. कडुबानं त्याच्याकडं बघितलं.

"चोर आला असता तर मेलो असतो, पर हात लावू दिला नसता," पुंजाराम म्हणाला. "पूजेला नाय कसं म्हणायचं? तूच सांग."

कडुबानं फोनवर रोजनिशी उघडली, बघितली आणि बंद केली. मोनालीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, तिला फोन बघायची गरज पडली नाही. ती त्याला रॅकच्या मागं घेऊन गेली.

"मामा, मावशीचं नाव सांगितलं तर त्या ओळी परत येत्यात का?"

"नाय."

"कुठंच नसत्यात का? पुण्याला, कुठं आभाळात?"

"नाय गं."

"मंग सांगू नका. तिला पण काढतील. एकीच्या जागी दोघी."

"अगं पर तुझं काय?"

"माझं झालंच की," मोनाली म्हणाली. तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि निघाली.

चौकशी अतुल सरांच्या खोलीत झाली. टेबलावर लॅपटॉप, त्यात अभय सर, सुट्टीनं ताजेतवाने. त्यांनी पुण्यातूनच डबा उघडला. थोडा वेळ नुसती कळांची टकटक ऐकू आली.

"यात तर नवमीच्या संध्याकाळच्या आधीचं काहीच नाही," ते म्हणाले. "डबा बंद करून चालू केलाय."

अतुल सरांनी कडुबाकडं बघितलं. "बॅटरी होती ना?"

"होती सर."

"म्हणजे वीज गेली नाही. कुणीतरी हातानंच केलं."

कडुबा लॅपटॉपची वायर सरळ करायला लागला.

"आणि दाढेत रेडिओ वाजतो म्हणून त्या खांबाजवळ कुणी फिरकत नव्हतं, हे तुम्हीच मला हसत हसत सांगितलं होतं. मग तुमच्याशिवाय जाणार कोण?" अतुल सरांनी विचारलं.

"सर, म्या काहून पुसंल? त्या ओळी हिच्या बाजूच्या व्हत्या!"

"होत्या का?" लॅपटॉपमधून अभय सर म्हणाले. आवाज चढवला नाही. "की नव्हत्या, म्हणून पुसल्या? फोटोतल्या ओळी कुणीही टाइप करून घेईल. मी तुमच्यावर आरोप करत नाही. पण माझ्यासमोर काय आहे? काहीच नाही."

कडुबानं सांगून टाकायला तोंड उघडलं. टेबलाखाली मोनालीनं आपल्या चपलेनं त्याचा पाय असा दाबला, की उघडलेलं तोंड 'आई' म्हणून मिटलं.

"सर, नसंल सापडत तर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

पोलिसात जायचं नाही, तिनं स्वतःहून राजीनामा द्यायचा, असं ठरलं. अतुल सरांनी पाणी मागवलं आणि ते स्वतःच प्यायले. कडुबाची डबा वाचायची मुभा त्याच दिवशी काढून घेतली. या कामाला मात्र पुण्यात विचाराधीन राहायची गरज पडली नाही, घटकेत झालं.

बाहेर मनकर्णाबाई प्रसादाची वाटी घेऊन उभी होती. "काय झालं गं?"

मोनालीनं प्रसाद घेतला. "मिटलं मावशी."

"बघ! म्या म्हणलं नव्हतं? पावला!" आणि म्हातारीनं तिथूनच स्टोअरच्या दिशेनं हात जोडले. मोनालीनंही जोडले. ती तशीच गेटबाहेर जाऊन काळीपिवळीत बसली.

ती परत दिसेना, तेव्हा लोकांनी कडुबाला विचारलं. तो काय सांगणार? म्हणाला, वाळूजला मोठ्या कंपनीत लागली. प्रत्यक्षात पोरगी बिडकीनला घरात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. जिथं अर्ज करावा ती कंपनी जुन्या कंपनीला फोन लावायची, आणि अतुल सर खोटं बोलत नसत. बहीण कडुबाच्या फोनला उत्तर देईनाशी झाली.

पण वाळूजची गोष्ट कारखान्यात अशी पसरली, की पगार तिप्पट, वर जाण्या-येण्याला एसी बस, आणि बसमध्येही वायफाय. सगळं डब्याच्या कृपेनं. मग कुणाची मुलाखत असली, कुणाची सोयरीक अडली, कुणाची म्हैस आटली, की नारळ खांबाशी. मनकर्णाबाई दर गुरुवारी पिन उपसून डब्याला न्हाऊ घालायला लागली, म्हणजे ओल्या फडक्यानं. मोतीरामनं अंडी सोडून नारळ ठेवले. लोक तर म्हणतात, एका आटलेल्या म्हशीनं त्यानंतर इतकं दूध दिलं, की मालकानं तिला हात जोडून थांबवलं. आणि डबा आपला दर गुरुवारी सगळं विसरून नव्यानं जन्मतो.

मोनालीच्या जागी तनुजा नावाची पोरगी आली. लाडसावंगीची, घरातली पहिलीच नोकरी. दिवाळी उलटून गेल्यावर एका गुरुवारी दुपारी ती धावत कडुबाकडं आली, हातात स्कॅनर.

"काका, म्या चार वेळा स्कॅन केलं. टूंक होतं, पर शॉपवाले म्हणत्यात नोंदच नाय. पितळी बुश हायेत, महागाचे. काय करू?"

कडुबा उठला. तिच्याबरोबर खांबापर्यंत आला. शिफ्ट सुटत होती, माणसं फोन बघत बघत चालली होती. डब्यावर गेल्या गुरुवारचा हार वाळलेला, पोटात तनुजाच्या चार नकारांच्या ओळी. मनकर्णाबाई नवा घेऊन आधीच उभी होती.

"काका, समदे म्हणत्यात तुमच्या भाचीवर पण असंच आलं व्हतं आन् ह्या डब्यानं सोडवलं. खरं का?"

मनकर्णाबाई त्याच्याकडं बघत होती, तोंडभर हसून. कडुबाला वाटलं, आत्ता या पोरीला सांगावं, की बाई, कागदावर लिहून घे, सही घे, कुणावर भरवसा ठेवू नको, या डब्यावर तर नाहीच. मग तिनं विचारलं असतं, मंग भाचीचं काय झालं? आणि म्हातारीनं ते ऐकलं असतं.

"खरंय," कडुबा म्हणाला.

मनकर्णाबाईनं टाचा उंचावल्या, पण स्टुलाशिवाय तिचा हात पोचत नव्हता. कडुबानं तिला हलकेच बाजूला केलं, हात वर घातला आणि पिन उपसली.